किशोरवयीन मनाचा पूर्वअंदाज : संगणकाचा कौल आणि समाजाची जबाबदारी

शाळेच्या हजेरीपटावर मुलाची उपस्थिती नोंदली जाते, प्रगतिपुस्तकात त्याचे गुण नोंदले जातात आणि आरोग्य तपासणीच्या दिवशी त्याची उंची, वजन व दृष्टी यांचीही नोंद होते. परंतु त्याच मुलाला गेले महिनाभर झोप लागत नाही, घरातील भांडणांमुळे ते धास्तावलेले आहे किंवा मधल्या सुट्टीत ते कोणाशीच बोलत नाही, ही गोष्ट मात्र कोणत्याही रकान्यात येत नाही. ती बहुधा तेव्हाच लक्षात येते, जेव्हा मूल शाळा सोडते, व्यसनाकडे वळते किंवा स्वतःला इजा करून घेते. असे काही घडण्यापूर्वीच धोक्याची चाहूल लागावी आणि वेळेवर मदत पोहोचावी, यासाठी गेल्या काही वर्षांत जगातील अनेक विद्यापीठांत संशोधन चालू आहे. या संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा म्हणजे माहितीवरून स्वतः नियम शोधून काढणाऱ्या संगणकीय पद्धतींचा वाढता उपयोग केला जात आहे.

मानसोपचार, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र या तीन विद्याशाखांचा येथे संगम होतो. साहजिकच यातील पुष्कळसे काम डॉक्टरेट मिळविल्यानंतर पुढील संशोधन करणारे तरुण अभ्यासक करीत असतात. हे काम आज प्रयोगशाळेत असले तरी उद्या ते शाळेच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात येणार आहे. यास्तव हे संशोधन नेमके काय सांगू शकते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्याचा उपयोग करण्यापूर्वी कोणती तयारी हवी, हे शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षे वयोगटातील दर सात मुलामुलींपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. १९२ अभ्यासांचा आणि सात लाखांहून अधिक रुग्णांच्या माहितीचा एकत्रित विचार करणारा एक शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मानसिक विकार जडलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के व्यक्तींमध्ये त्याची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापूर्वी, तर सुमारे ४८ टक्के व्यक्तींमध्ये १८ व्या वर्षापूर्वी झालेली असते. म्हणजे प्रौढपणी जो आजार रुग्णालयात येतो, त्याची मुळे अनेकदा शालेय वयात असतात.

भारतात बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने म्हणजे निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. १३ ते १७ वर्षे वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के असल्याचे त्यात आढळले. ग्रामीण भागात ते ६.९ टक्के होते, तर महानगरांत त्याच्या जवळजवळ दुप्पट म्हणजे १३.५ टक्के होते. याउलट उपचार करणाऱ्यांची संख्या फार थोडी आहे. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार देशात दर लाख लोकसंख्येमागे सरासरी ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. एवढ्या थोड्या तज्ज्ञांनी प्रत्येक मुलाची तपासणी करणे अशक्य आहे. म्हणूनच कोणत्या मुलाकडे आधी लक्ष द्यावे, हे सुचविणाऱ्या साधनाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

यंत्र शिकते कसे

संगणक मुलाच्या मनात डोकावतो, अशी एक समजूत आढळते. प्रत्यक्षात तसे काही घडत नाही. त्याला हजारो मुलांची पूर्वीची माहिती दिली जाते : वय, घरातील वातावरण, झोप, शाळेतील अनुभव, आई-वडिलांची प्रकृती इत्यादी. त्याचबरोबर यांपैकी कोणत्या मुलांना वर्षा-दोन वर्षांनी मानसिक त्रास जाणवू लागला, हेही सांगितले जाते. संगणक प्रत्येक बाबीला काही वजन देतो, त्यावरून उत्तर काढतो आणि ते प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टीशी ताडून पाहतो. उत्तर चुकले की तो वजनांत थोडा फरक करतो. हीच क्रिया असंख्य वेळा केल्यावर चुकांचे प्रमाण घटत जाते. शेवटी, शिकविताना मुद्दाम बाजूला ठेवलेल्या मुलांच्या माहितीवर त्याची परीक्षा घेतली जाते. कारण पाठ केलेली उत्तरे लिहिणारा विद्यार्थी आणि विषय समजलेला विद्यार्थी यांतील फरक नव्या प्रश्नपत्रिकेतच कळतो.

या पद्धतीतून जे हाती येते, त्याची तुलना हवामानाच्या अंदाजाशी करता येईल. उद्या पाऊस पडण्याची शक्यता साठ टक्के आहे, असे सांगणारा पाऊस पाहून आलेला नसतो. अशाच परिस्थितीत पूर्वी किती वेळा पाऊस पडला, याचा तो हिशेब सांगत असतो. मात्र या तुलनेला एक महत्त्वाची मर्यादा आहे. अंदाज वर्तविल्याने पाऊस बदलत नाही. मुलाविषयी वर्तविलेला अंदाज मात्र त्या मुलाला, त्याच्या शिक्षकांना आणि त्याच्या आई-वडिलांना बदलू शकतो. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

अमेरिकेतील एक महत्त्वाचा अभ्यास

या विषयातील सर्वांत मोठ्या माहितीसाठ्यांपैकी एक अमेरिकेत तयार झाला आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या साहाय्याने किशोरवयीन मेंदूच्या विकासाचा एक दीर्घकालीन अभ्यास चालू असून, २०१६ ते २०१८ या काळात २१ केंद्रांमधून ९ ते १० वर्षे वयाची सुमारे ११,९०० मुले त्यात सहभागी करून घेण्यात आली. या मुलांची व त्यांच्या पालकांची वेळोवेळी मुलाखत घेतली जाते, प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात आणि ठरावीक अंतराने मेंदूचे एमआरआय चित्रणही केले जाते. मुले मोठी होत असताना त्यांच्यात होणारे बदल त्यामुळे क्रमाने टिपता येतात.

ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी यांपैकी ११ हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवर संगणकाला शिकविले आणि २०२५ मध्ये आपले निष्कर्ष ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आज बऱ्या स्थितीत असलेले कोणते मूल येत्या वर्षभरात सर्वाधिक धोक्याच्या गटात जाईल, हे सांगण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्यांनी दोन प्रकारांनी पाहणी केली. पहिल्या प्रकारात मुलाच्या सध्याच्या लक्षणांचाही विचार करण्यात आला. दुसऱ्या प्रकारात लक्षणे वगळून झोप, कौटुंबिक कलह, बालपणीचे आघात यांसारख्या, त्रासाला कारण ठरू शकणाऱ्या गोष्टींवरच भर देण्यात आला. पहिल्या प्रकारात अंदाजाची गुणवत्ता ०.८४, तर दुसऱ्या प्रकारात सुमारे ०.७५ एवढी आढळली.

या अभ्यासातील दोन निष्कर्ष सर्वसामान्य शिक्षकाच्या दृष्टीनेही उद्बोधक आहेत. पहिला असा की, लक्षणे बाजूला ठेवल्यावर ज्या बाबीने सर्वाधिक पूर्वसूचना दिली, ती होती झोपेतील बिघाड. बालपणीचे आघात आणि कुटुंबातील मानसिक आजारांचा इतिहास यांचाही क्रम झोपेच्या नंतर लागला. अर्थात, अपुऱ्या झोपेमुळेच आजार होतो, असे यावरून सिद्ध होत नाही. आतल्या अस्वस्थतेमुळेही झोप उडू शकते. परंतु झोप ही सुधारता येण्यासारखी आणि विचारता येण्यासारखी गोष्ट आहे, एवढे निश्चित. दुसरा निष्कर्ष असा की, मेंदूच्या महागड्या चित्रणाची भर घातल्याने अंदाजात सुधारणा झाली नाही. पालकांनी आणि मुलांनी भरलेल्या साध्या प्रश्नावल्या पुरेशा ठरल्या. या पद्धतीची पुढील चाचणी नॉर्थ डाकोटा, मिनेसोटा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या ग्रामीण भागातील दवाखान्यांत घेण्याचे संशोधकांनी योजिले आहे. तज्ज्ञांची टंचाई ही केवळ गरीब देशांचीच अडचण नाही, हे यावरून दिसून येते.

०.८४ या आकड्याचा अर्थ

०.८४ हा आकडा पाहून संगणक शंभरापैकी ८४ मुलांच्या बाबतीत बरोबर सांगतो, असा समज होण्याचा संभव आहे. त्याचा अर्थ तसा नाही. ज्याचा धोका पुढे वाढला असे एक मूल आणि ज्याचा वाढला नाही असे एक मूल, अशा शंभर जोड्या घेतल्या, तर सुमारे ८४ जोड्यांत संगणकाने पहिल्या मुलाला अधिक गुणांक दिला, असा त्याचा अर्थ आहे. निव्वळ नाणे उडवून ठरविले असते, तर हा आकडा ०.५० आला असता. थोडक्यात, हा आकडा क्रम लावण्याची क्षमता सांगतो. एकेका मुलाविषयीचा निर्णय सांगत नाही.

प्रत्यक्ष वापरात काय घडू शकते, हे एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. एखाद्या तालुक्यात १०,००० किशोरवयीन विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी शंभरात सात म्हणजे ७०० जणांना पुढे त्रास होणार आहे, असे समजू. चाचणी अशी की, त्रास होणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांना ती ओळखते आणि त्रास न होणाऱ्यांपैकीही ८० टक्क्यांना योग्य रीतीने वगळते. ऐकावयास ही चाचणी चांगली वाटते. पण हिशेब केला, तर ७०० पैकी ५६० मुले ओळखली जातील आणि १४० निसटतील. उरलेल्या ९,३०० मुलांपैकी २० टक्के म्हणजे १,८६० मुलांच्या नावापुढे कारण नसताना खूण होईल. एकंदर २,४२० मुलांच्या नावापुढे खूण झाली आणि त्यांपैकी खरोखर धोका असलेली मुले ५६० म्हणजे शंभरात जेमतेम तेवीस.

खूण करण्याची मर्यादा अधिक कडक केली, तर विनाकारण खूण झालेल्या मुलांची संख्या घटेल. परंतु निसटणाऱ्यांची संख्या वाढेल. ही मर्यादा कोठे ठेवावी, याचे उत्तर गणितात नाही. ती ठरविणे हा प्रशासकीय आणि नैतिक निर्णय आहे. खुणेनंतर होणारी गोष्ट जर आपुलकीने केलेली विचारपूस असेल, तर काही मुलांची विनाकारण विचारपूस झाल्याने फारसे बिघडत नाही. परंतु खुणेचा परिणाम वर्गातील कुजबूज, प्रवेशास नकार किंवा विवाहाच्या वेळी निघणारी चर्चा असा होणार असेल, तर त्या १,८६० मुलांवर अन्याय होईल आणि उरलेल्या ५६० मुलांनाही मदत मिळणार नाही.

आत्महत्येच्या बाबतीत तर ही मर्यादा अधिक ठळक आहे. पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये घेण्यात आला, तेव्हा परिचित कारणांवरून आत्महत्येचे भाकीत करण्याची क्षमता योगायोगापेक्षा किंचितच अधिक असल्याचे दिसून आले. त्यामुळे ‘या मुलाला धोका नाही’ असे यंत्राने सांगितले, म्हणून कोणाही शिक्षकाने निर्धास्त होऊ नये.

एका देशाची मोजपट्टी दुसऱ्या देशात

ब्राझीलच्या दक्षिण भागातील पेलोटास या शहरात १९९३ साली जन्मलेल्या ५,२४९ मुलांची पाहणी तेथील विद्यापीठाने जन्मापासून चालू ठेवली आहे. ही मुले १५ वर्षांची असताना मिळालेल्या उत्तरांवरून १८ व्या वर्षी कोणाला नैराश्याचा आजार होईल, याचा अंदाज घेण्याची एक पद्धत संशोधकांनी तयार केली व २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात अवघ्या अकरा बाबी आहेत. मुलगा की मुलगी, त्वचेचा वर्ण, शाळेतील नापासी, एकटेपणा, मारामारी, अमली पदार्थांचा वापर, घरातून पळून जाणे, आईशी संबंध, वडिलांशी संबंध, आई-वडिलांचे परस्परसंबंध आणि बालपणी झालेली छळणूक किंवा हेळसांड. रक्ततपासणी नाही की मेंदूचे चित्रण नाही. पेलोटासमध्ये या पद्धतीची गुणवत्ता ०.७८ आढळली. पुढे याच गुणांकाच्या आधारे पोर्तो अलेग्रे शहरातील शाळांत हजारो मुलांची पाहणी करून, त्यांतून १५० मुले सखोल अभ्यासासाठी निवडण्यात आली.

तथापि, तीच पद्धत ब्रिटन आणि न्यूझीलंड येथील मुलांच्या माहितीवर लावून पाहिली, तेव्हा गुणवत्ता ०.६० च्या आसपास उतरली. याचे कारण उघड आहे. त्वचेच्या वर्णाला ब्राझीलच्या समाजात जो अर्थ आहे, तोच अर्थ अन्यत्र असेल असे नाही. नापास होणे, घर सोडणे, वडिलांशी न बोलणे यांचेही अर्थ समाजागणिक बदलतात. ऊसतोडणीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलाची गैरहजेरी आणि शहरातील मुलाने बुडविलेली शाळा हजेरीपटावर सारखीच दिसते. पण त्यांची कारणे अगदी भिन्न असतात. परदेशी माहितीवर शिकलेल्या यंत्राला हा फरक कळण्याचा मार्ग नाही.

माहितीतील आणखी एक दोष अमेरिकेतच उघडकीस आला. अधिक वैद्यकीय मदतीची गरज कोणाला आहे, हे ठरविण्यासाठी तेथे वापरली जाणारी एक संगणकीय पद्धत २०१९ मध्ये तपासण्यात आली. पूर्वी उपचारांवर किती खर्च झाला, यावरून ही पद्धत गरजेचा अंदाज घेत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर पूर्वीपासूनच कमी खर्च झालेला असल्याने, तितकेच आजारी असूनही ते कमी गरजू ठरत होते. ज्यांच्यापर्यंत सेवा पोहोचली नाही, त्यांची नोंदही झाली नाही आणि ज्यांची नोंद नाही, त्यांना गरज नाही असे यंत्राने मानले. दुर्गम पाडे, भटक्या जमातींच्या वस्त्या आणि स्थलांतरित कुटुंबे यांचा विचार करताना हे उदाहरण डोळ्यांपुढे असावे.

भारतातील मुलांची माहिती भारतातच गोळा करण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. निम्हान्सच्या पुढाकाराने आणि ब्रिटनमधील संशोधकांच्या सहकार्याने ६ ते २३ वर्षे वयोगटातील नऊ हजारांहून अधिक मुले व तरुण यांचा एक अभ्यास हाती घेण्यात आला. बंगळूर, म्हैसूर, चंदीगड, कोलकाता, इंफाळ आणि आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथील केंद्रे त्यात सहभागी आहेत. शहर, खेडे आणि डोंगराळ प्रदेश अशा भिन्न परिस्थितींतील मुले त्यात आहेत, हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्याकडील कोणत्याही अंदाजपद्धतीचा पाया अशाच माहितीवर घातला गेला पाहिजे.

खुणेनंतर कोण?

धोका ओळखणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम माणसाचे आहे आणि त्याबाबतचा मौलिक अनुभव भारतातच उपलब्ध आहे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने, मानसोपचाराची पदवी नसलेल्या परंतु पद्धतशीर प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तींकडून समुपदेशन करविण्याचा प्रयोग केला. गोव्यातील प्रौढ रुग्णांविषयीचे त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्य व चिंताविकाराच्या रुग्णांना अशा समुपदेशकांचा लाभ झाल्याचे त्यात दिसून आले.

पुढे याच संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक नेमण्यात आले, काही शाळांत तेच काम तेथील शिक्षकांवर सोपविण्यात आले आणि उरलेल्या शाळांत नेहमीचाच शासकीय कार्यक्रम चालू राहिला. मुलांशी संवाद, प्रार्थनेच्या वेळचे उपक्रम, भित्तिपत्रक, तक्रारी व सूचनांची पेटी आणि गरजेनुसार वैयक्तिक समुपदेशन असे कामाचे स्वरूप होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे घटली आणि दांडगाई व हिंसा यांचे प्रमाणही कमी झाले. शिक्षकांवर काम सोपविलेल्या शाळांत मात्र तसा परिणाम आढळला नाही.

या निष्कर्षाने शिक्षकांनी नाराज होण्याचे कारण नाही. अध्यापन, परीक्षा, विविध अहवाल आणि इतर कामे सांभाळून त्याच व्यक्तीने समुपदेशकही व्हावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. शिवाय ज्यांच्या हाती गुण देणे असते, त्यांच्यापुढे मन मोकळे करताना विद्यार्थ्याला संकोच वाटणे साहजिक आहे. शिक्षकाने ओळखावे आणि स्वतंत्र समुपदेशकाने ऐकावे, ही विभागणी अधिक व्यवहार्य दिसते.

या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांना विशेष महत्त्व आहे. त्यांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमणे आवश्यक आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावयाचे आहेत. शिक्षक व अन्य कर्मचारी यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण देण्याचेही निर्देश आहेत. याशिवाय २०१४ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्याचा समावेश असून, १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे.

मुलाचा हक्क आणि कायद्याची चौकट

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक आजाराचे निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच करावयाचे असते. व्यक्तीची जात, धर्म, आर्थिक वा सामाजिक स्थिती अथवा समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक कल्पनांशी न जुळणारे वर्तन यांवरून तसे ठरविता येत नाही. याच कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे. यावरून हे उघड होते की, संगणकाने दिलेला गुणांक म्हणजे निदान नव्हे आणि कोणत्याही शालेय कागदपत्रावर तो निदान म्हणून लिहिता येणार नाही.

अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येण्याजोगी संमती आवश्यक आहे. मुलाच्या हिताला बाधक ठरेल अशी प्रक्रिया करण्यास आणि त्याच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास या कायद्याने मनाई केली आहे. आरोग्य व शिक्षण संस्थांना ठरावीक मर्यादेत काही सवलती आहेत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. भ्रमणध्वनीच्या वापरावरून मुलाची मनःस्थिती ओळखण्याचा दावा करणारी साधने आता बाजारात येऊ लागली आहेत. शाळांनी ती स्वीकारण्यापूर्वी या तरतुदी काळजीपूर्वक पाहाव्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही वैद्यकीय क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून, अंतिम निर्णय मानवी देखरेखीखालीच व्हावा, हे त्यांतील एक प्रमुख सूत्र आहे.

गावपातळीवर काय करता येईल

अशी एखादी पद्धत शाळेत किंवा तालुक्यात आणण्याचा प्रस्ताव समोर आला, तर संबंधित अधिकाऱ्यांनी व पदाधिकाऱ्यांनी काही साधे प्रश्न विचारावेत. ही पद्धत कोणत्या मुलांच्या माहितीवर शिकली? आपल्या भागातील मुलांवर तिची परीक्षा झाली आहे काय? शंभर खुणांपैकी किती खऱ्या ठरतात आणि किती मुले निसटतात? माहिती कोणाकडे राहील आणि किती काळाने नष्ट केली जाईल? पालकांना आणि स्वतः मुलाला काय सांगितले जाईल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खूण झालेल्या मुलाशी किती दिवसांत कोण बोलेल? या अखेरच्या प्रश्नाला नावानिशी उत्तर मिळत नसेल, तर ती पद्धत आणण्याची घाई करू नये.

संशोधनातून आजच हाती आलेल्या गोष्टींसाठी मात्र यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलाची झोप, घरातील कलह, एकटेपणा, छळ आणि अभ्यासातील अपयश या पूर्वसूचना जगाच्या दोन टोकांना झालेल्या अभ्यासांत कमी-अधिक प्रमाणात पुढे आल्या आहेत. पालक सभेत गुणांबरोबर मुलाच्या झोपेचीही चौकशी करता येते. उशिरापर्यंत चालणाऱ्या ध्वनिक्षेपकांना परीक्षेच्या काळातच नव्हे, तर एरवीही आळा घालणे ग्रामपंचायतीला शक्य आहे. सलग गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी जाताना दंडाची भाषा टाळून विचारपूस करता येते. जवळचा समुपदेशक, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि १४४१६ हा क्रमांक शाळेच्या फलकावर ठळकपणे लावता येतो. एखादे मूल जगण्याला कंटाळल्याचे बोलले, तर ते थट्टेवारी न नेता, त्याला एकटे न सोडता, त्याच दिवशी तज्ज्ञाची मदत मिळवून देणे, हे तर प्रत्येकाचे कर्तव्यच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरील हे संशोधन येत्या काळात अधिक अचूक होईल आणि भारतीय मुलांच्या माहितीवर उभे राहिल्यास अधिक उपयुक्तही ठरेल. तज्ज्ञ थोडे आणि मुले असंख्य अशा परिस्थितीत, कोणाकडे आधी जावे हे सुचविणारे साधन आरोग्य यंत्रणेला हवेच आहे. परंतु त्याने सुचविल्यानंतर मुलाच्या दारापर्यंत जाणारी व्यक्ती, तिचे प्रशिक्षण, तिचे वेतन आणि तिच्याविषयी गावाला वाटणारा विश्वास यांची तरतूद अंदाजपत्रकात व मनुष्यबळाच्या आराखड्यात आधीच झालेली असली पाहिजे. ती तयारी करण्याचे काम प्रयोगशाळेतील संशोधकांचे नसून शासन, शाळा आणि पंचायत यांचे आहे.